दोघी जावा आणि बाबांचा आवाज

३ सप्टेंबर, मंगळवार

धाकटीचा नव्या फोनचा सोहळा उरकला. अर्धा वेळ रंगावर गेला. रंगाचं नाव ‘पहाटेची राख’. म्हणजे करडा. गेल्या वर्षी ‘ओला दगड’ होता — तोही करडाच. त्या करड्यावरून एक माणूस असा हात फिरवत होता, जणू पाळण्यातलं मूल.

ऑफिसात भिंतीवरच्या पडद्यासमोर आम्ही सगळे. आमच्यातल्या एकाने, ज्याला मी ‘चेहरा’ म्हणते, टाळ्या वाजवल्या. आमच्या व्हिडिओत तोंड त्याचं, शब्द माझे. पण नवा फोन दिसला की ते तोंड शब्दांची वाट बघत नाही. ‘काय पातळ आहे गं!’ पातळ तर कागदही असतो. फोन पातळ झाल्याने कुणाचं काय भलं झालं, हे इतकी वर्षं हीच चाकरी करून मला कळलेलं नाही.

दोन्ही कंपन्यांना मी जावाच म्हणते. थोरली आणि धाकटी. थोरलीने खोक्यातला चार्जर काढून टाकला तेव्हा धाकटीने जाहिरात देऊन हसून घेतलं. पुढच्या वर्षी स्वतःचाही काढला आणि ती जाहिरात गुपचूप उतरवली. एकीने मुरका मारला की दुसरीची मान आपोआप वळते. आणि मी दोघींच्या मधे बसून लिहिते — कुणाची मान जास्त छान वळली.

५ सप्टेंबर, गुरुवार

धाकटीचा नवा आणि थोरलीचा सध्याचा, असे दोन्ही फोन चाचणीला आले. दिवसभर तुलना.

कॅमेरा: दोन्हीत माझं नाक मला नको इतकं स्पष्ट दिसतं. बॅटरी: दोन्ही दिवसभर पुरतात, माझा कोपरा उडालेला जुना फोनही पुरतो. वेग: पापणी लवेपर्यंत आणि पापणी अर्धी लवेपर्यंत, एवढा फरक. गेल्या वर्षीचा फोन असेल तर नवा घ्यावा का? नाही. एका शब्दात काम झालं असतं. संपादकांना लांबलचक लेख हवा.

‘“नाही” विकलं जात नाही गं,’ म्हणाले. ‘“कदाचित” लिही.’

गेली सगळी वर्षं मी ‘कदाचित’च विकते आहे.

संध्याकाळी खाली आई-बाबांकडे जेवले. बाबांचा घसा अजून बसलेलाच. भाजी बाजारात लिलाव पुकारणारा माणूस, ज्याला सगळा बाजार ‘भोंगा’ म्हणतो, तो पाणी मागताना खरखरत होता. आई म्हणाली, ‘मला वाटतं एकदा—’ बाबा म्हणाले, ‘तिला वाटतं आल्याचा रस घ्यावा. घेतो.’ आई ताट उचलून आत गेली. तिला डॉक्टरकडे जा म्हणायचं होतं. तिचं वाक्य बाबांनी पुरं करायचं, ही आमच्या घरची जुनी पद्धत. आईला बोलायचं असतं आणि बाबांना थांबायचं नसतं. त्यात जिंकणार कोण हे सांगायला नको.

मीच नंबर लावला.

९ सप्टेंबर, सोमवार

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जरा जास्तच गोड बोलायला लागले. तुकडा तपासायला पाठवलाय.

बाबा बाहेर येऊन म्हणाले, ‘काही नाही. सूज आहे.’ डॉक्टर असं म्हणाले नव्हते.

१२ सप्टेंबर, गुरुवार

रिपोर्ट आला. ज्याची भीती होती तोच रोग.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

तिघेही गेलो होतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर गळा काढून दाखवला. शाळकरी पोराने काढावा तसा. स्वरयंत्र काढावं लागेल. पूर्ण. श्वास मानेच्या भोकातून. पुढच्या पंधरवड्यातच करायचं, उशीर नको.

‘मग बोलायचं कशाने?’ बाबांनी विचारलं.

‘आधी जगायचं, मग बोलायचं.’

‘माझं उलट आहे,’ बाबा म्हणाले.

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, विनोद. आई खिडकीबाहेर पाहत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा.

मग वाचा-उपचार करणाऱ्या बाई भेटल्या. मऊ, पण खोटं न बोलणाऱ्या. गळा भरून आला की बोलायला शिकवतील. कुणाला झडप बसवतात, कुणाला गळ्याला टेकवायचं यंत्र देतात. बहुतेकांना बोलता येतं. ‘पण हा आवाज नसेल,’ म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, ‘हल्ली फोनमध्ये म्हणे स्वतःचा आवाज साठवता येतो. आधी वाचून भरायचा, नंतर टाईप केलं की फोन त्या आवाजात बोलतो. कुठल्या फोनमध्ये ते मला नाही माहीत. तुम्ही त्यातल्याच ना?’

हो. मी त्यातलीच.

घरी येऊन धाकटीचं माहितीपत्रक काढलं. रंगाला दोन पानं. कॅमेऱ्याला सहा. फोटोतून नको असलेला माणूस कसा पुसायचा त्याला एक अख्खं पान. ‘तुमचा आवाज’ — एक ओळ, शेवटून दुसऱ्या पानावर, तीही बारीक अक्षरात. हजारो माणसं सभागृहात बसवली होती, पण हे बोलून दाखवावंसं एकालाही वाटलं नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

आज पहिल्यांदा खरी तुलना केली. कुठला फोन एका खरखरत्या म्हाताऱ्याला वाचवेल, ही.

थोरलीकडे ही सोय आहे आणि तिचा गाजावाजाही आहे. पण आपल्या भाषेत नाही. मी माझाच आवाज तिच्या भाषेत भरला आणि मग आपली वाक्यं टाईप केली. ‘पाणी दे’ म्हणायला गेली आणि तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी बोलली. कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला.

‘आपल्या भाषेत लवकरच येणार आहे, मॅडम.’

‘लवकर म्हणजे कधी?’

‘लवकरच, मॅडम.’

‘माझ्या वडिलांचं ऑपरेशन सत्तावीस तारखेला आहे.’

‘त्यांना आमच्यातर्फे शुभेच्छा, मॅडम. आणखी काही मदत करू शकतो?’

आधी काय मदत केली होती, ते विचारायचं राहिलं.

धाकटीकडे आपली भाषा आहे. पण फक्त या वर्षीच्या, सगळ्यात वरच्या फोनमध्ये. गेल्या वर्षीच्या फोनला म्हणे एवढं डोकं नाही. गेल्या वर्षी त्याच फोनची जाहिरात होती — ‘माणसापेक्षा हुशार’. वर्षभरात माणसं हुशार झाली की काय कोण जाणे.

म्हणजे झालं असं: आयुष्यभर ‘नवा घेऊ नका’ लिहिणाऱ्या बाईला नवा घ्यावा लागणार. दैव माझी मजा बघतंय. बघू दे.

१८ सप्टेंबर, बुधवार

लेखात आवाजावर चांगल्या तीन परिच्छेदांची भर घातली होती. थोरली कशी तोंडघशी पडते, धाकटी कुठे बरी, कुणी आधी भरून ठेवावा. संपादकांनी तिन्ही उडवले.

‘वाचक कॅमेरा विचारतात.’

‘कारण आपण तोच सांगतो.’

‘अगं, आवाज जातो किती लोकांचा?’

‘ज्याचा गेला त्याला विचारा.’

त्यांना बाबांचं माहीत नाही. सांगितलं असतं तर ठेवलं असतं, दयेने. दयेने मिळालेली जागा नको होती, म्हणून नाही सांगितलं. शेवटी एक ओळ मिळाली, ‘इतर’ या मथळ्याखाली. तिच्या वर: खोक्यात रंगीत पुसणी मिळते.

चेहऱ्याने व्हिडिओत ती पुसणी दाखवली. आवाजाची ओळ वेळेत बसली नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

चाचणीचा फोन सोमवारी परत जाणार, आणि त्यात भरलेला आवाज त्याच्याबरोबर. त्यामुळे आज विकत घेतला. दुकानाबाहेर रांग. ज्या रांगेवर मी दर वर्षी दोन वाक्यांची कुचेष्टा करते, त्याच रांगेत उभी. पुढे एक जोडपं, दोघांच्या हातात गेल्या वर्षीचे फोन, दोघे ‘राख’च हवी म्हणून घाईला आलेले. मागच्या गृहस्थांनी मला ओळखलं. ‘तुम्ही त्या लिहिणाऱ्या ना? तुमचं वाचूनच मी गेल्या वर्षी घेतला नव्हता.’

‘मग या वर्षी?’

‘या वर्षी तुम्ही “कदाचित” लिहिलंय.’

घ्या. हाती आलं ते हे.

आतला विक्रेता कोवळा, केस तेलकट उभे. कॅमेरा उघडून माझंच नाक मला दाखवायला लागला. मी म्हटलं, ‘आवाज भरायची सोय दाखवा.’ त्याला सापडेना. मोठ्या साहेबांना बोलावलं. साहेबांनाही सापडेना. शेवटी मीच शोधून दिली. साहेब म्हणाले, ‘अरे वा. हे आहे का यात?’

२१ सप्टेंबर, शनिवार

सकाळपासून बाबांचा आवाज भरतो आहोत. बाबा खुर्चीत, मी समोर फोन धरून, खिडक्या बंद, पंखा बंद. आईला म्हटलं, तू बाहेर बस, भांडं वाजलं तरी फोन ऐकतो. ती जिन्यावर जाऊन बसली. उशी घेऊन.

पडद्यावर वाक्यं येतात ती वाचायची. कुणी लिहिली आहेत देव जाणे. ‘आज हवा किती प्रसन्न आहे.’ ‘कृपया मला खिडकीजवळची जागा द्याल का?’ ‘माझ्या मावशीला जांभळी फुलं आवडतात.’

बाबा म्हणाले, ‘मी जन्मात कृपया म्हटलेलं नाही.’

‘आता म्हणा.’

‘आणि मावशी कुठली?’

पहिली वाक्यं त्यांनी लिलावाच्या चढ्या सुरात वाचली. फोन म्हणाला, कृपया सावकाश बोला. बाबा भडकले. आवाज आधीच फाटलेला, चढवला की तुटत होता, तुटला की आणखी भडकत होते. ‘माझा खरा आवाज घे ना! हा नको!’ खरा आवाज होता तेव्हा कुणी भरून ठेवला नाही. बाजारात माल तोलणाऱ्याकडे बाबांच्या लिलावाचे जुने व्हिडिओ आहेत, पण ते या फोनला चालत नाहीत. वाचायची ती त्याचीच वाक्यं आणि तीही आत्ता.

दुपारनंतर दमले आणि साधे वाचायला लागले. न रागावता, न ओरडता. ‘मला थोडा वेळ एकटं बसायचं आहे.’ ‘तुझी आठवण येते.’ असं बाबांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मान खाली घालून फोन धरून ठेवला.

२२ सप्टेंबर, रविवार

भरणं संपलं. फोन रात्रभर चार्जिंगला लावून ठेवायचा, मग तो आवाज ‘तयार’ करतो म्हणे. आई अजून जिन्यावर. संपलं हे तिला सांगायला मी विसरले. गेले तर उशीवर शांत बसलेली. ‘झालं?’ एवढंच म्हणाली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी नेलं. आत जाताना बाबा दारातल्या नर्सला म्हणाले, ‘बोला, पहिला ढीग, कोण घेतंय?’ तिला कळलं नाही. तीच शेवटची ओळ.

आई आणि मी बाहेर. डॉक्टर आले, म्हणाले, सगळं निघालं, छान झालं. छान.

२९ सप्टेंबर, रविवार

शुद्धीवर आहेत. मानेला भोक, नाकात जेवणाची नळी. मोठ्या माणसाचं तोंड हलतं आणि काहीच येत नाही. इस्पितळाने पांढरी पाटी आणि पुसता येणारं पेन दिलंय. बाबांनी पाटीवर लिहिलं: ‘शेजारचा घोरतो.’

फोन अजून काढला नाही. विचारलं की पाटीवर ‘उद्या’ लिहितात. मला वाटतं धीर होत नाही. त्यांना की मला ते माहीत नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज फोन दिला. बाबांनी एका बोटाने बराच वेळ टाईप केलं. मग दाबलं.

‘पंखा कमी करा.’

बाबांचाच आवाज. खरखर नाही, ओरड नाही. बाबांना कुणी कडक इस्त्री केल्यासारखा. नर्स म्हणाली, ‘किती गोड आवाज आहे आजोबांचा.’ आजोबांचा आवाज कुणी गोड म्हटल्याची ही पहिली नोंद असावी. बाबांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. पंखा बंद झाला तरी दाबत राहिले.

मी जिना उतरून बाहेर आले आणि रडून घेतलं. धाकटीचे उपकार मानायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मानते. पण त्या करड्या रंगाचे नाही.

आई फोनकडे असं बघत होती, जणू घरात पाहुणा आलाय आणि किती दिवस राहणार ते माहीत नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

थोरलीचा सोहळा झाला. तिनेही ‘राखे’सारखा रंग आणलाय. नाव ‘विझता निखारा’. संपादकांनी विचारलं, फरक काय लिहिणार? म्हटलं, एकीची राख, एकीचा निखारा, आग कुणाकडेच नाही. ‘वा, मथळा झाला,’ म्हणाले. मी थट्टा केली होती.

१२ ऑक्टोबर, शनिवार

बाबा घरी. नळी निघाली, आता पातळ खाणं तोंडाने. मानेवर मऊ फडका बांधतात.

दुपारी बाजारातले दोघे अडते भेटायला आले. जुने दोस्त. बाबांनी आधीच टाईप करून ठेवलं होतं, गंमत दाखवायला. दाबलं. ‘बोला, कांदा, पहिला ढीग, कोण किती देतंय.’ शोकसभेतल्या भाषणासारखं. एक अडत्या मोठ्याने हसला. मग दोघेही पायांकडे बघायला लागले. बाबांनी फोन मांडीवर पालथा घातला.

ते गेल्यावर आई म्हणाली, ‘त्या धाकट्या अडत्याच्या चपलेचा अंगठा तुटलाय. बायको माहेरी गेली असणार.’ मी चमकून पाहिलं. आई आपणहून एवढं लांब कधी बोलली होती? बाबा उत्तर टाईप करायला लागले, पण तोवर तिचं पुढचं वाक्य झालंही होतं.

२० ऑक्टोबर, रविवार

एक गोष्ट लक्षात येते आहे. बाबांना एक वाक्य लिहायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात खोलीत रिकामी जागा पडते. अशी जागा आमच्या घरात कधी नव्हती. आधी आई तिच्याकडे बघत राहायची. आता बोलते.

आज शेजारच्या काकूंची नक्कल केली. त्या दार उघडण्याआधी दाराला कान लावतात, मग ‘कोण आहे’ विचारतात, आणि आपण सांगायच्या आत ‘कळलं’ म्हणतात. आईने दार, कान, ‘कळलं’ — तिन्ही केलं. मी पोट धरून हसले. बाबा हसले तेव्हा मानेतल्या भोकातून फसफस हवा आली, आईने फडका पुढे केला, आणि नक्कल सोडली नाही.

माझी आई नकला करते. इतकी वर्षं खालच्या मजल्यावर ही बाई राहत होती आणि मला पत्ता नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज फोनचीच नक्कल केली. ताठ बसून, डोळे न हलवता: ‘कृपया मला खिडकीजवळची जागा द्याल का? माझ्या मावशीला जांभळी फुलं आवडतात.’ जिन्यावर बसून तिने प्रत्येक वाक्य ऐकलं होतं. फोनपेक्षा हिला जास्त पाठ. बाबांनी पाटीवर लिहिलं: ‘मावशी कुठली?’ आई म्हणाली, ‘माझीच. तुम्हाला कधी सांगितलीच नाही.’ आणि खरोखरच सांगायला लागली. फुलांवरून भांडून दोन वर्षं भावाशी न बोललेली मावशी. अर्धा तास. बाबांनी मधे दोनदा फोन घेतला आणि दोनदा ठेवला.

ऑफिसात विचारतात, बाबांना फोनचा उपयोग होतोय का. हो म्हणते. चेहरा म्हणाला, यावर एक भावूक व्हिडिओ करू. तुझे बाबा दोन वाक्यं बोलतील ना, फोनने? म्हटलं, करून बघ. पुन्हा विचारलं नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी आई मटार सोलत बसली होती. बाबा समोर, फोन हातात. मी खिडकीपाशी बसून थोरलीचं लिहीत होते. आई साध्या सुरात बोलत होती, हात चालू.

‘तुम्हाला आठवतं का, कोपऱ्यावरच्या बालवाडीच्या मोठ्या बाई आल्या होत्या. ही तेव्हा रांगत होती. मुलांना गोष्टी सांगायला याल का, म्हणून मला विचारायला आल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या. माझे हात ओले होते, मी आत पुसत होते. तुम्ही सांगून टाकलंत, तिला नाही जमायचं. मी बाहेर आले तेव्हा त्या जिना उतरत होत्या.’

मटाराची एक शेंग फुटली, दुसरी घेतली.

‘मला जमलं असतं,’ आई म्हणाली.

सुरात राग नव्हता. वजन केल्यासारखं ठेवलं होतं फक्त. बाबांचं बोट फोनवर चालायला लागलं. आई पुढे गेलीच होती.

‘मग त्यांनी पलीकडच्या शिंपिणीला घेतलं. तिला एकच गोष्ट यायची, तीच रोज सांगायची, आणि मुलं काय करायची, तर—’

‘तसं नव्हतं ते.’

फोन. बाबांचा तो इस्त्रीचा आवाज, खोलीभर. दोन वाक्यं उशिरा येऊन पडलेला.

आई ‘तर’वर थांबली. सोललेले मटार वाटीत ओढले, सालं पदरात घेतली आणि आत गेली. मुलं काय करायची ते कळलं नाही.

बाबा फोनकडे बघत बसले. जणू दुसऱ्याच कुणीतरी बोललं.

४ नोव्हेंबर, सोमवार

जेवताना आई दोनदा बोलायला गेली. बाबांचा हात फोनकडे गेला नव्हता, तरी तिने आधी फोनकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

मला बाबांचा राग आला, मग फोनचा, मग स्वतःचा. रांगेत मीच उभी राहिले होते.

६ नोव्हेंबर, बुधवार

बाबांनी आवाज पुसला. स्वतः. फोनने विचारलं असणार, नक्की ना, परत आणता येणार नाही. यांनी हो दाबलं.

मी ओरडलेच. बाबा, आता कुठून भरणार? गळ्यात आहे काय भरायला? कळतंय का काय केलंत?

त्यांनी पाटी घेतली. सावकाश लिहिलं आणि माझ्याकडे फिरवली.

‘आत्ता कुठे ती बोलायला लागलीय. हा मधे बोलतो.’